दोन खळग्यांचं ठिगळ

"अजून एक घोंगडं द्या कुणीतरी," इब्राहिमभाई देवळाच्या दारातून म्हणाले. "वरच्या झरोक्यातनं ऊन येतंय. पडद्यावर माणसांच्या तोंडाऐवजी डागच दिसतील."

भर दुपारी सिनेमा दाखवायचा म्हणजे असले उद्योग करावे लागतात. रांगीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या खडकाळ पठारावर, वीज नव्हती. अंधार पडल्यावर दाखवावं, तर खाली उतरायची वाट अशी, की इब्राहिमभाईंनी सकाळीच हात जोडले होते. काळोखात ही मॅटाडोर उतारावर घालायची असेल तर तुम्ही घाला, मी मागून चालत येतो, म्हणाले. म्हणून मग बिरोबाचं देऊळ. धनगरवाड्यातल्या बायकांनी घराघरातून घोंगडी आणली आणि दारं, झरोके, भिंतीतली भोकं सगळी बुजवून टाकली. आत लोकर, धूर आणि शेळ्या यांचा असा काही वास दाटला की माझं नाक चुरचुरायला लागलं. पण अंधार मात्र झकास झाला.

आम्ही तिघं. मुकुंददा घोरपडे, कॉलेजातली नोकरी सोडून गावोगाव कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस. इब्राहिमभाई मुल्ला, गाडी, जनरेटर आणि आमची पोटं हे तिन्ही चालू ठेवणारे. आणि मी, वैजयंती, म्हणजे वैजू. गडहिंग्लजहून कॉम्प्युटर शिकून बाहेर पडले आणि बँकेत चिकटण्याऐवजी ह्या दोघांच्या नादी लागले. आईने कपाळाला हात लावला होता. आमच्या त्या उद्योगाचं नाव होतं 'चालता पडदा'. दिवसा लोकांचं बोलणं टिपायचं, गाडीतच बसून ते कापायचं-जोडायचं आणि एका गावाचं म्हणणं दुसऱ्या गावाला दाखवायचं. वर्तमानपत्रांत ह्या डोंगरातलं काही यायचं नाही, आणि आलंच तर ते डोंगरातल्या लोकांपर्यंत पोचायचं नाही. मग आपणच का पोचवू नये, एवढाच हिशोब.

आमचा एक नेम होता. पहिला खेळ त्यांचा. ज्यांना टिपलं त्यांनाच आधी दाखवायचं, आणि पडद्यावरचा माणूस 'माझं हे काढा' म्हणाला, की काढायचं. का म्हणून विचारायचं नाही. आजवर लोकांनी काढायला लावलेल्या गोष्टी म्हणजे कुणाचा फाटका बनियन, कुणाची नवऱ्याला घातलेली शिवी. एका सरपंचांनी तर उलटंच, आपलं भाषण कमी का घेतलं म्हणून आम्हाला धारेवर धरलं होतं. नेम पाळताना आम्हाला कधी काही सोसावं लागलं नव्हतं, हे खरं.

तो मे महिना होता. सड्यावरच्या तांबड्या दगडाखाली बॉक्साइट होतं आणि ते खोदायला एक कंपनी आली होती. आम्ही ज्या रस्त्याने वर आलो तोही तिनेच यंत्रं चढवायला केलेला. कंपनीच्या अहवालात दोन वाक्यं होती. सड्यावर कायम वस्ती नाही. सड्यावर बारमाही पाणी नाही. गुरुवारी तालुक्याच्या गावी जनसुनावणी होती. तिथे ती दोन वाक्यं कुणी खोडून काढली नाहीत, तर वर परवानगीचा शिक्का बसणार आणि हा धनगरवाडा उठणार.

"उठवनार तरी कसं?" ठकूबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "कागदावर आमी न्हाईच. नसलेलं मानूस उठवाय पोलीसबी लागत न्हाईत."

ठकूबाई झोरे. पन्नाशीच्या, उंच, खांद्यावर कायम काठी. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून नवरा घरजावई आला होता. तोही वारला. म्हशी, मुलगा, सून, नातवंडं, सगळं त्याच सड्यावर. त्यांच्या घरामागे उंबराखाली झरा होता, आणि मे महिन्यात तो मनगटाएवढ्या धारेनं वाहत होता. तिथे उभं राहून त्या जे बोलल्या, ते ऐकताना मुकुंददाने माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. सिनेमाचा जीव आपल्याला मिळाला, असा त्याचा अर्थ.

तर देवळात खेळ सुरू झाला. लोक एकमेकांना पडद्यावर बघून हसत होते, पोरं पडद्यामागे जाऊन येत होती. मग उंबर आला, झरा आला आणि ठकूबाई आल्या. पोरं पडद्यामागून पुढे येऊन बसली.

"कोण म्हंतंय पानी न्हाई?" पडद्यावरच्या ठकूबाई म्हणाल्या. "मी चालाय लागल्यापास्नं हितलंच पितीया. मी आन् माझी भागू, दोगी यायचो. वैशाकात खाली कुंभोशीची हीर आटायची, तवा कुंभोशीची मानसं घागरी घिऊन वर यायची. भागू त्यास्नी वाट दावायची. इचारा की त्यास्नी, पानी पिलं का न्हाई त्ये."

तेवढ्यात लख्ख उजेड पडला आणि पडद्यावरचं चित्र पुसून गेलं. कुणीतरी दारावरचं घोंगडं उचललं होतं. ठकूबाईंचे चुलते, धुळूबाबा, वाड्यातले सगळ्यांत वडीलधारे. काठी टेकत बाहेर पडले आणि मागे न बघता चालायला लागले. घोंगडं पुन्हा पडलं, चित्र पुन्हा आलं, पण मघाचं देऊळ राहिलं नाही. बायका पदराने तोंड झाकून बसल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला कोंडल्यासारखं झालं असेल.

खेळ संपल्यावर ठकूबाई सरळ मुकुंददासमोर आल्या.

"ते भागूचं काढा."

"म्हणजे?"

"नाव काढा. दोनदा आलंय, दोनीबी काढा. बाकी ऱ्हाऊ द्या."

मुकुंददाचा चेहरा उतरला. "मावशी, तुमचं ते बोलणं इतकं सलग आहे की मधलं काढलं तर..."

"तुमीच सांगितलं न्हवं, काढा म्हनलं की काढनार?"

झालं. नेम मुकुंददाचाच. तो "काढतो" म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. त्याला राग आला की तो वायर गुंडाळतो, हे आम्हाला ठाऊक होतं.

पण मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्याच्या चुलीवरच्या भांड्यात काय शिजतंय ते झाकण उचलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, असं आई म्हणायची, ते काही खोटं नाही. का म्हणून विचारायचं नाही हा नेम पडद्याच्या कामापुरता, असं मी मनाशी ठरवलं आणि म्हशी वळवायला निघालेल्या ठकूबाईंच्या मागे लागले.

"मावशी, भागू कोण?"

"ती पांढऱ्या कपाळाची म्हस हाय न्हवं, लई चवचाल. तिला आदी वळवाय लागती."

"तुमची बहीण का?"

"तोंडातनं निसाटलं माझ्या," त्या म्हणाल्या. "वाड्यात तिचं नाव कुनी घेत न्हाई. बानं तिचं दिवस घातलं, त्येला बावीस वर्सं झाली."

मी वरमले. गेलेल्या बहिणीचं नाव असं भर देवळात, जनरेटरच्या घरघरीत ऐकायला लागणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. "कशानं..." एवढंच मी म्हटलं.

"तुजं लगीन झालंय का गं?" ठकूबाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"मग घाई करू नगं," त्या म्हणाल्या आणि म्हशीला हाळी देत पुढे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. माझ्या लग्नाचा आणि भागूच्या मरणाचा संबंध काय, ते काही मला लागेना.

गाडीत बसून मी कापायला घेतलं. मॅटाडोरच्या मागच्या भागात कॉम्प्युटर ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेला असायचा आणि मी पिंपावर बसायची. बोलणाऱ्या माणसाचं मधलं वाक्य उडवलं की चित्राला झटका बसतो. मान इकडची तिकडे उडी मारते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं, इथे काहीतरी लपवलंय. मग त्या झटक्यावर दुसरं काहीतरी चित्र ठेवायचं. आवाज खालून चालू ठेवायचा आणि वर एखादं झाड, हात, आभाळ. त्याला आम्ही ठिगळ म्हणायचो. ठिगळ जितकं बिनमहत्त्वाचं तितकं चांगलं, असा मुकुंददाचा धडा. काहीच नसेल तर शेळी लाव, असंही तो म्हणायचा.

शेळी ह्या सिनेमात आधीच दोनदा लागली होती. तिसऱ्यांदा लावली असती तर लोकांनी तिचं नाव विचारलं असतं. मी झऱ्यावरची टेप पुढे-मागे करत बसले. मध्येच एक तुकडा सापडला. मुकुंददाने कॅमेरा मांडीवर ठेवून पाणी प्यायलं होतं आणि बंद करायचा विसरला होता. त्यात झऱ्याखालचा खडक आला होता. खडकात शेजारी शेजारी दोन खळगे, भाकरीच्या काठवटीएवढे, कुणीतरी दगडाने घासून घासून केल्यासारखे. दोन्हींत पाणी पडत होतं. आजूबाजूला उंबराची वाळकी पानं नुसती पसरली होती. बाकी काही नाही. कुणी माणूस नाही, शेळी नाही. ठिगळाला अगदी योग्य. मी दोन्ही झटक्यांवर तोच तुकडा लावला आणि भागूचं नाव उडवलं.

काढून झाल्यावर पुन्हा त्या माणसाला दाखवायचं, हाही नेमाचा भाग. ठकूबाईंना गाडीत बोलावलं. त्या पिंपावर बसल्या, मी उभी. त्यांनी स्वतःचं बोलणं मान हलवत ऐकलं. ठिगळ आलं तशी त्यांची मान थांबली.

"चालेल का?" मी विचारलं.

"पुन्यांदा लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. त्यांनी बोट पुढे करून काचेला लावलं, जिथे उजवीकडचा खळगा दिसत होता तिथे, आणि लगेच मागे घेतलं.

"नको असेल तर दुसरं घालते. आभाळ आहे."

"ह्ये खाली कुंभोशीतबी लावनार?"

"उद्याच. सुनावणीच्या आधी कुंभोशीच्या लोकांनी हे बघायला हवं ना. त्यांनी तोंड उघडलं तर तुमचं काम होईल."

"सगळी येत्यात का बगाय? बायाबी?"

"येतात की. फुकटचा सिनेमा."

"मग आभाळ नगं," ठकूबाई म्हणाल्या. "ह्येच ऱ्हाऊ दे."

कुंभोशी हे सड्याच्या पायथ्याचं गाव. कंपनीच्या यादीत बाधित गाव म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे सुनावणीत कुंभोशीच्या माणसाच्या शब्दाला वजन. आणि हेच कंपनीलाही ठाऊक होतं. गावातल्या पोरांना डंपरवर घेऊ म्हणून सांगितलं होतं, समाजमंदिराला नवा पत्रा बसला होता. आम्ही शाळेच्या भिंतीवर चादर लावली तेव्हा सरपंच येऊन अगदी गोड बोलून गेले, पण बसायला थांबले नाहीत.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. माणसं पुष्कळ आली, पण सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. पडद्यावर ठकूबाई म्हणाल्या, इचारा की त्यास्नी, पानी पिलं का न्हाई त्ये, तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे आपापल्या चपला बघायला लागले. घागरी घेऊन वर जाणारे तेच होते, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. खेळ संपला तसे सगळे उठले आणि मुकाट्याने पांगले. मुकुंददा वायर गुंडाळायला लागला.

मी आणि इब्राहिमभाई चादर घडी करत होतो, तेव्हा एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, कोपरापर्यंत हातांना वाळलेली माती.

"बाई, ते पान्याचं परत दावशीला?"

"झऱ्याचं? आता प्रोजेक्टर बांधला हो. गाडीत या, कॉम्प्युटरवर दाखवते."

ती गाडीत चढली, पण पिंपावर बसली नाही. मी ठकूबाईंचं बोलणं पहिल्यापासून लावलं. ठकूबाई बोलत होत्या तोवर बाईने मान खाली घातली होती. नुसती ऐकत होती. ठिगळ आलं आणि तिने वर बघितलं.

"हितं थांबतंय का?"

मी थांबवलं. काचेवर ते दोन खळगे.

"ह्ये कवाचं?"

"परवाचं."

"ह्या म्हैन्यातलं? जुनं न्हवं?"

"नाही हो. आम्हीच काढलंय, सोमवारी."

ती वाकून इतक्या जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. इब्राहिमभाईंनी खालून खाकरून सांगितलं की जनरेटर बंद करायचाय.

"पानं न्हाईत," ती म्हणाली.

"आहेत की. ही काय, केवढी पडलीत."

"भवतीनं हाईत. खळग्यात न्हाईत." मग थांबून म्हणाली, "दोनीतबी न्हाईत."

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. खरंच. खडकभर पानांचा खच आणि ते दोन खळगे तेवढे झाडून काढल्यासारखे. मी हा तुकडा कितीदा तरी पुढे-मागे केला होता आणि मला ते दिसलं नव्हतं. ठिगळाकडे कोण बघतं?

"उंबर लई घान करतंय," ती म्हणाली. "चार दीस काढली न्हाईत तर खळगं कुटं हाय त्येबी कळत न्हाई."

"तुम्ही वर गेला होता कधी? उद्या सुनावणीला याल का? तिथे एवढंच सांगा की झरा..."

ती खाली उतरलीसुद्धा. "बाई, तुमचं नाव काय?" मी मागून विचारलं.

"कमळा. कुंभाराची." आणि ती अंधार पडलेल्या बोळात शिरली.

रात्री तालुक्याकडे जाताना मी हे सगळं मुकुंददाला सांगितलं. त्याचं डोकं उद्याच्या सुनावणीत. पाणी आणायला जात असेल पूर्वी, म्हणाला. असेलही. पण पाणी आणायला जाणारी बाई घागर भरते आणि येते. ती खळग्यातल्या पानांचा हिशोब कशाला ठेवेल? माझ्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि जुळता जुळता सुटत होतं. भागू जुळत होती, पण भागू मेलेली. आणि ही तर कमळा.

सुनावणी तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथे, साहेब, त्यांचा लिहून घेणारा कारकून आणि कंपनीचे एक गृहस्थ बसले होते. मुकुंददा प्रोजेक्टर काखेत घेऊन पुढे गेला.

"चित्रफीत दाखवण्याची तरतूद नाही," साहेब म्हणाले. "ज्यांना सांगायचंय त्यांनी माइकवर येऊन सांगावं."

एवढं सगळं केलेलं एका वाक्यात मातीत गेलं. मुकुंददा परत येऊन बसला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. गुंडाळायला वायरही नव्हती.

धनगरवाड्याची माणसं डावीकडे जमिनीवर घोंगडी टाकून बसली होती, धुळूबाबा मध्ये. कुंभोशीकर उजवीकडे खुर्च्यांवर. ठकूबाईंचं नाव पुकारलं. त्या माइकपासून चांगल्या हातभर लांब उभ्या राहिल्या आणि म्हशीला हाळी द्यावी तशा मोठ्याने बोलल्या. झरा आहे, बारा महिने आहे, आम्हीही बारा महिने आहोत. पडद्यावरच्या बोलण्याचं अर्धं तेजही त्यात नव्हतं.

कंपनीचे गृहस्थ अगदी नम्रपणे उठले. "साहेब, ह्या मावशींबद्दल मला आदरच आहे. पण ही मंडळी पावसाळ्यात गुरं चारायला वर जातात. उन्हाळ्यात तिथे कुणी नसतं. मग उन्हाळ्यातलं पाणी ह्यांना कुठून माहीत? आणि आपल्या हिताचं प्रत्येकजण बोलणारच. बाधित गावांपैकी, समजा कुंभोशीपैकी, कुणी सांगत असेल तर गोष्ट वेगळी."

साहेबांनी उजवीकडे बघितलं. "कुंभोशीतून कुणाला काही सांगायचं आहे?"

सरपंच छताकडे बघत होते. ठकूबाई माइकशीच उभ्या होत्या. त्यांना बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे हात काठी शोधत होते, पण काठी बाहेर ठेवायला लावली होती. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की तिथून उठून जावंसं वाटलं. साहेबांनी कारकुनाला खूण केली आणि त्याने पान उलटायला हात घातला.

"मला सांगायचंय."

उजवीकडच्या शेवटच्या रांगेतून कालचीच बाई पुढे आली. आज हात धुतलेले, अंगावर लग्नाकार्यातलं लुगडं. कुंभोशीकरांच्या माना एकदम वळल्या. एका माणसाने, तो तिचा नवरा दत्तू होता हे मला मागून कळलं, तिला जायला वाट म्हणून आपली खुर्ची मागे घेतली.

"कमळा दत्तू कुंभार. ऱ्हानार कुंभोशी," ती माइकला तोंड लावून म्हणाली. "सड्यावर पानी हाय. उंबराबुडी झरा हाय, त्यो कंदीच आटत न्हाई. आमच्या गावची हीर आटायची तवा ह्यीच सगळी जनं तितनं पानी आनायची. मी वाट दावलीया ह्यास्नी. त्यो बगा, आनंदा पाटील बसलाय, त्याची घागर मी उचलून दिलीया."

"तुम्ही वाट दाखवलीत?" साहेबांनी विचारलं. "म्हणजे तुम्ही वर कशा?"

"मी वरचीच. जलम माजा सड्यावर झालाय. वैशाकातच झालाय."

कंपनीच्या गृहस्थांना हसू आलं. "साहेब, जिथे वस्तीच नाही तिथे जन्म? ह्या वरच्या आहेत हे सांगणार कोण?"

साहेबांनी चष्मा काढला. "बरोबर आहे. मावशी," ते ठकूबाईंना म्हणाले, "तुम्ही वरच्या म्हणता. ह्या बाईंना तुम्ही ओळखता?"

दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या. ठकूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या डावीकडे, घोंगड्यावर बसलेल्या धुळूबाबांकडे. आणि मला, मेलीला, तेव्हा कुठे उजेड पडला. बानं दिवस घातलं म्हणजे काय, ते. कुंभाराच्या दत्तूबरोबर निघून गेली म्हणून बापाने धडधडीत जिवंत मुलीचे दिवस घातले होते, आणि लग्नानंतर कुंभारांनी तिचं नाव बदललं होतं. बावीस वर्षं वाड्यात त्या नावाचा उच्चार नव्हता. देवळात तो पडद्यावरून झाला, तर म्हातारा उठून गेला. आता ठकूबाईंनी 'नाही ओळखत' म्हटलं, तर कुणी त्यांना बोल लावला नसता. फक्त झरा गेला असता. आणि 'ओळखते' म्हटलं तर संध्याकाळी त्याच वाड्यात परत जायचं होतं.

"बोला मावशी," साहेब म्हणाले.

"वळकती," ठकूबाई म्हणाल्या. ह्या वेळी त्या माइकजवळ सरकल्या, त्यामुळे पुढचं सगळं मंगल कार्यालय भरून ऐकू आलं. "माजी धाकटी भैन हाय. भागू."

मी डावीकडे बघितलं. धुळूबाबांच्या दोन्ही हातांच्या मुठी गुडघ्यांवर घट्ट वळल्या होत्या. दार त्यांच्या मागेच होतं, उघडं. ते उठले नाहीत.

"पूर्ण नाव सांगा," कारकून म्हणाला. "माहेरचं."

"भागू धोंडू झोरे," ठकूबाईंनी सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत थांबल्या. "लिवलं का?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

कारकुनाने वाचलं. आम्ही सिनेमातून कापून टाकलेलं नाव सरकारी कागदावर चढलं होतं. भागूबाई पदराने तोंड पुसत होत्या आणि ते काही केल्या कोरडं होत नव्हतं. मग उजवीकडे खुर्ची वाजली. आनंदा पाटील उठत होते. घागर उचलून दिली होती, खरं आहे, म्हणाले. त्यांच्या मागे आणखी एक म्हातारा, मग त्या म्हाताऱ्याची बायको. सरपंच अजून छताकडेच बघत होते, पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तो कागद पुढे कुठे कुठे फिरला, ती वेगळी कहाणी. अहवाल परत गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. सड्यावर अजून खाण झालेली नाही, एवढं मी सांगू शकते. आमचा तो सिनेमा मात्र फारसा कुणी पाहिला नाही. मुकुंददाने पुढे नव्या पोरांना शिकवताना ठिगळाचा तो धडा गाळून टाकला, आणि शेळीचाही.

पण मला आठवतं ते सुनावणीनंतरचं. मंगल कार्यालयाबाहेर इब्राहिमभाईंनी सगळ्यांना चहा आणला होता. दोघी बहिणी मॅटाडोरच्या सावलीत उभ्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दत्तू कुंभार लांब एका झाडाखाली टोपी हातात घेऊन उभा होता. बावीस वर्षांचं बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करणार? भागूबाईंनी चहाचा पेला दोनदा तोंडापर्यंत नेला आणि न पिता खाली घेतला. वाड्याची माणसं टेम्पोत चढायला लागली. धुळूबाबा चढले, बसले आणि घोंगडं मांडीवर ओढून घेतलं. ठकूबाईंना हाक मारायची ती त्यांनी मारली नाही. नुसते थांबून राहिले.

ठकूबाईंनी काठी घेतली. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"ह्या गडबडीत दोन दीस झऱ्यावर हात फिरला न्हाई माजा," त्या म्हणाल्या. "तुज्या खळग्यात पानं भरली असतील. ये आन् तूच काढ आता. माजी कंबर धरती."